माघारीचा दिवस

"तीन वाजेपर्यंत रतनचा फॉर्म टिकला पायजे," सहादेव म्हणाला. "त्यानंतर वैजनाथचा बापबी काय करू शकत न्हाई."

हॉटेलवाल्या फैयाजने चहा त्याच्यापुढे सरकवला आणि रस्त्याकडे पाहिलं. काळ्या काचांची एक जीप सकाळपासून दुसऱ्यांदा हॉटेलवरून गेली. आत कोण, काही दिसत नव्हतं.

प्रभाग महिलांसाठी राखीव सुटला होता. नगरसेवक वैजनाथने बायकोचा, पंकजाचा, फॉर्म भरला. समोर उभं राहायची कुणाची टाप नव्हती. बिनविरोधचा गुलालसुद्धा आणून ठेवला होता म्हणे. आणि शेवटच्या दिवशी सहादेवने आपल्या बायकोचा, रतनबाईचा, फॉर्म नेऊन दिला. झालं! गावात एकच बोभाटा.

सहादेवचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, पण गाव त्याला ओळखायचं ते तोंडासाठी. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही गढूळ. घंटागाडी वैजनाथच्या बंगल्यापुढे रोज थांबते, खालच्या आळीत फिरकत नाही. रस्त्यावरचे दिवे लागतात ते फक्त मतदानाच्या महिन्यात. हे सगळं तो चारचौघांत, नाव घेऊन बोलायचा. "ह्या गावात मानसं न्हाईत, मेंढरं हायेत," असं तो वैजनाथच्या तोंडावर म्हणाला होता. खोटं काय होतं त्यात? लोक माना डोलवायचे आणि वैजनाथ दिसला की उठून उभे राहायचे.

"वैनी कुठं हायेत?" फैयाजने विचारलं.

सहादेवने आवाज खाली आणला. "भागूअक्काच्या मळ्यात. कर्जतच्या रस्त्याला. मागल्या टायमाला काय झालं, तुला ठाव हाय."

ठाऊक तर सगळ्या गावाला होतं. मागच्या निवडणुकीत खालच्या आळीच्या उमेदवाराला माघारीच्या सकाळी गाडीत घालून नेलं. दुपारी तोच नगरपालिकेत आला आणि मुकाट्याने सही करून गेला. त्या दिवसानंतर तो कुणाशी धड बोललेला नाही. तेव्हापासून माघारीची मुदत संपेपर्यंत उमेदवाराला पाहुण्यांकडे लपवायची रीतच पडली.

"बोललास का वैनींशी?"

"फोन काढून घेतलाय तिचा. फोनवरनं जागा कळती."

"पन त्यांना एकट्यांना..."

"अक्का हाय की! आन् मी हाय. तू उगं काळजी नको करू."

फैयाजने रिकामी कपबशी उचलली. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण आजचा दिवस वाद घालायचा नव्हता.

सहादेव दुकानात पोचला तर वैजनाथ आधीच स्टुलावर बसलेला. एकटाच. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, आवाज लोण्यासारखा.

"सहादेवराव, गावात वैर नको. वहिनींना एकदा भेटू द्या. उभं राहायचं का नाही, त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. मग माझं काही म्हणणं नाही."

"मी सांगतोय की. तिचं नि माझं येगळं हाय व्हय?"

वैजनाथ हसला. "बाईमाणूस आहे. काही बरंवाईट झालं तर आमचं नाव घेऊ नका, एवढंच सांगायला आलो."

तो गेला तसं सहादेवने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. इतकी वर्षं तो ह्या माणसाला शिव्या घालत आला होता, पण भीती अशी आजच वाटली. दोन वाजून गेले होते. एक तासाचा तर प्रश्न, असं तो स्वतःला समजावत राहिला.

तेवढ्यात थोरल्या बहिणीचा, भागूबाईचा, फोन आला.

"सहादू! दारात जीप आलीया रं! चारपाच जन हायेत. रतनला भाईर काढ म्हनत्यात!"

"कुलूप काढू नको! अक्का, ऐक, काय वाटंल ते झालं तरी..."

मागून रतनबाई ओरडत होती. काय ते कळायच्या आत फोन तुटला. त्याने पुन्हा लावला. लागेना.

सहादेवने एरवी पोलिसांवर काडीचा विश्वास ठेवला नसता. आज त्याने ठाण्यात फोन लावला, मळ्याचा पत्ता सांगितला, आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "साहेब, माझ्या बायकोला वाचवा. वैजनाथची मानसं तिला पळवायला आलीत."

मग तो नगरपालिकेकडे धावला. फैयाज आणि आळीतली पोरं आधीच फाटकात उभी होती. पलीकडे वैजनाथ आणि त्याची माणसं.

तीनला थोडाच वेळ उरला असताना पोलिसांची गाडी आत शिरली. पुढून महिला फौजदार उतरली, मागून भागूबाई, आणि तिच्यामागे रतनबाई. केस विस्कटलेले, पण धडधाकट.

"ती जीप आम्हाला बघून पळाली," फौजदार म्हणाली.

आळीने एकच जल्लोष केला. वैजनाथचा चेहरा उतरला. सहादेवच्या डोळ्यांत पाणी आलं. जिंकलो, बाबा! तो पुढे झाला, पण रतनबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. घाबरलीय बिचारी, असं त्याला वाटलं. भागूबाईने मान खाली घातली होती.

सगळे निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं.

"बाई, तुमच्यावर कुणाची जबरदस्ती नाही. माघार घ्यायचीय का?"

रतनबाईने पदर नीट केला.

"न्हाई. फारम ऱ्हाऊ द्या, मला निवडून यायचंय," ती म्हणाली आणि फौजदारबाईंकडे वळून तिने सहादेवकडे बोट केलं. "बाई, तीन दिस मला कोंडून घातलं ते ह्यांनी. ह्यांना घिऊन जावा."