वारा बघून

जावयाने जेवणाच्या टेबलावर विनिपेग सरोवराचा नकाशा पसरला. शनिवारी गोठलेल्या पाण्यावर गाडी न्यायची, बर्फाला भोक पाडून गळ टाकायचा, असा बेत होता.

"बाबा, तुम्हीपण चला."

"मी नाय येत," तांडेल म्हणाले. थळचे कोळी हरेश्वर तांडेल लेकीकडे कॅनडात आले होते खरे, पण नऊ वर्षांपूर्वी धाकटा भाऊ होडीसकट बुडाल्यापासून ते पाण्यावर गेले नव्हते. त्या सकाळी वारा फिरल्याचं त्यांना कळलं होतं. भाऊ हट्टी, ऐकायचा नाही, म्हणून ते बोललेच नाहीत. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"शनिवारी वारा कुठला हाय?" त्यांनी विचारलं.

जावयाने फोन पाहिला. "दक्षिणेचा. किनाऱ्याकडून आत वाहणारा, जोराचा आहे."

"मग बर्फ किनाऱ्यापासनं सुटून आत वाहत जाईल ना?"

"कधीतरी सुटतो. पण सगळे जातात, बाबा."

"जाऊ देत. तू जायचं नाय."

जावई हसला. पण सासऱ्यांनी त्याचं मनगट धरलं होतं आणि ते सोडत नव्हते.

"बरं," तो हळूच म्हणाला. "मग पुढच्या शनिवारी?"

"वारा बघून सांगतो," तांडेल म्हणाले. मग त्यांनी लेकीकडे जाड लोकरी मोजे मागितले.