आईचा वन्स मोअर

"ताई, आजचा प्रयोग होऊ द्या," निर्माते हात जोडून म्हणाले. "तुमच्या आईच्या वेळी या नाटकाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. मालिकेतली ही मुलगी घेतली आणि बघा, बाहेर हाऊसफुल्लचा बोर्ड!"

त्या मुलीला गाता येत नव्हतं. ती फक्त ओठ हलवायची. वाजायचं ते आईचं जुनं रेकॉर्डिंग. आईला जाऊन महिनाही झाला नव्हता. हे बंद पाडायलाच मी आले होते.

पण पद सुरू झालं आणि मी मागच्या रांगेत जाऊन बसले. पद संपताच सगळ्यांच्या आधी मीच ओरडले, "वन्स मोअर!"

"काय गळा आहे हो पोरीचा!" शेजारचे आजोबा मला म्हणाले.

रेकॉर्डिंग पुन्हा लागलं. तीच तान, तोच श्वास, तिथेच.

वन्स मोअर मिळाला की आई तेच पद दर वेळी वेगळं गायची. एखादी नवी हरकत घ्यायची आणि विंगेत उभ्या माझ्याकडे बघून हसायची.

टाळ्या थांबल्या, पुढचा प्रवेश सुरू झाला, तरी मी ओरडतच होते, "वन्स मोअर! वन्स मोअर!"