उद्घाटनाचं धुकं

“टाकीतला नायट्रोजन कुठे गेला?” झाकण उचलताच डॉक्टर शाल्मली ओरडली.

“उद्घाटनाला स्टेजवर धुकं हवं होतं, मॅडम. संचालकसाहेबांनीच ओतायला सांगितलं,” सहायक पुटपुटला.

त्या टाकीत, द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत, डांगी जातीच्या एका गायीच्या बीजांडकोशाचे तुकडे गोठवून जिवंत ठेवले होते. गाय मेली तेव्हा, तिचा वंश टिकेल या शब्दावर तिच्या मालकाने, कोंडाजीबाबांनी, तिच्या अंगाला सुरी लावू दिली होती. आता तुकडे वितळून सडले होते.

शाल्मली तडक संचालकांकडे गेली. ते हसले. “दुसऱ्या गायीचे घ्या. त्या म्हाताऱ्याला काय कळतंय?”

तिने कोंडाजीबाबांना फोन लावला आणि त्यांच्यासमोर धरला.

“बाबा, गायीचं काय झालं ते साहेब सांगताहेत.”

“बोला साहेब!” पलीकडचा आवाज हरखला. “वासरू झालं का?”