वरच्या वाड्याचं पाणी

"मावशी, वरच्या वाड्याला पाणी चढवायचं तर आधी कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी टाकीपाशी तोऱ्यात विचारलं. बाबांचं पाणी सोडायचं काम सरकारने कंपनीला दिलं, तेव्हापासून ते घरी बसलेत आणि वरचा वाडा कोरडा आहे. कंपनीची ही मावशी दोडामार्गहून आलेली. तिची फजिती बघायला आम्ही टपलेल्या. ती म्हणाली, "माका म्हायत नाय गो बाय. कंपनीन चावी दिल्यान, आता लोक माकाच गाळी घालतत." व्हॉल्व्ह फिरवायच्या त्या लोखंडी चावीला आईच्या जुन्या साडीची चिंधी अजून होती, बाबांच्या हाताला फोड येऊ नयेत म्हणून गुंडाळलेली. मला हसूच येईना. घरी आल्याआल्या सांगून टाकलं, "आई, बाबा, उद्या शाळेआधी मी मावशीला देवळाकडचा व्हॉल्व्ह दाखवणार. बाबा, किती फेरे फिरवायचे, ते मात्र तुम्हीच येऊन सांगा!"