महारुद्रची टाकी

"वासच न्हाई ह्याला," योगीराज म्हणाला आणि पेला महारुद्रसमोर धरला. "नुसतं आंबट पाणी हाय."

महारुद्र दोन पावलं मागं सरला. गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून त्यानं लांबूनच पाहिलं. "रंग तर चांगला दिसायलाय, भाऊ."

"रंग काय चाटायचाय?"

महारुद्र पेडगावचा गवंडी. विहिरीच्या सिमेंटच्या रिंगा ओतण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. योगीराजनं त्याच्याकडून अंड्याच्या आकाराची, पुरुषभर उंचीची टाकी करून घेतली होती. द्राक्षांची पांढरी वाईन त्यातच आंबवायची आणि त्यातच मुरवायची. स्टीलच्या टाकीला श्वास नसतो. सिमेंटच्या भिंतीतून मात्र हवा अगदी थोडी थोडी झिरपते आणि वाईनच्या चवीला गोलाई येते. पण भिंत पोकळ राहिली की हवा जास्त शिरते आणि सगळा वास उडून जातो.

योगीराजनं बारा वर्षं नाशिककडं वाईनच्या कारखान्यात काढली होती. तिथले साहेब लोक यंत्रं बाजूला ठेवून त्याच्या नाकावर भरवसा ठेवत. गावी परतून त्यानं तीन एकर द्राक्षं लावली, तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं. गावात या वाईनची चव घेणारा तो एकटाच. बायको राजेश्री माळकरी, ती तर शेडच्या उंबऱ्याला पायही लावत नसे.

फाल्गुनात रस आंबत होता तेव्हा त्या वासानं योगीराज नुसता हवेत होता. पुढं आखाडात तापानं आठ दिवस अंथरुणाला खिळला. उठला तो तडक शेडमध्ये गेला, पेला भरला, आणि त्याचा चेहरा उतरला तो उतरलाच. आता श्रावण निम्मा सरला होता. रोज चाखून बघायचा, रोज तेच. घरात घास गोड लागेना. परवा वरण करपलं, तेही त्यानं निमूट गिळलं. एरवी ताट सरकवणारा माणूस. काळजीनं पार खचले, असं राजेश्रीला वाटलं.

"तुमी भिंत ठोकून भरली न्हाई," योगीराज म्हणाला.

"देवाशपथ, थरावर थर ठोकलाय. एकवीस दिवस पाणी मारलंय."

"मग वास कुठं गेला?"

महारुद्रनं टाकीच्या भिंतीवर बोटानं ठोकून पाहिलं. "दुपारी नाशिकचे साहेब येणारच हायत," तो म्हणाला. "त्यांना चाखू द्या. मग मला काय बोलायचं ते बोला."

साहेबांना वाईन पसंत पडली तर सगळा माल ते उचलणार होते, आणि महारुद्रला तसल्याच दहा टाक्यांचं काम देणार होते.

"बारा वर्षं ज्यांच्यात मान मिळवला, त्यांच्यापुढं हे ठिवू?" योगीराजचा आवाज चिरकला. "जा तुमी. पुन्हा या दारात येऊ नका."

महारुद्रनं खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं. जाता जाता टाकीवरून एकदा हात फिरवला आणि खाली मान घालून निघून गेला. त्या सरळ माणसाला असं घालवताना योगीराजला वाईट वाटलं नाही असं नाही, पण राग मोठा होता.

त्यानं नाशिकला फोन लावला. "साहेब, माल बिघडला. येऊ नका." पलीकडून काही विचारण्याआधीच फोन बंद केला.

मग त्यानं टाकीची तोटी पूर्ण उघडली. हजार लिटर वाईन शेडमधून नालीत आणि नालीतून गल्लीच्या उताराला लागली. योगीराज भिंतीला टेकून बसला आणि हुंदके देऊन रडला. आयुष्यात एकच गोष्ट आपल्याला येते असं त्याला वाटत होतं. तीही आता राहिली नव्हती.

टाकी निथळत आली तेव्हा राजेश्री महादेवाच्या देवळातून आली. हातात पूजेचं ताट तसंच होतं. ती उंबऱ्याबाहेर थांबली.

"अहो, पिकलेले जांब आणलेत का कुठून? पार देवळापर्यंत घमघमाट सुटलाय. समद्या बाया विचारायल्यात."

योगीराज उठला. नालीवर ओणवा होऊन त्यानं छाती भरून श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग तिच्या ताटातली पेटती उदबत्ती उचलून नाकाशी धरली.

त्याला कशाचाच वास आला नाही.