सहा वाजेपर्यंत

"अजून किती वेळ?" दारासमोर उभ्या असलेल्या मोठ्या साहेबाने तिसऱ्यांदा विचारलं.

"सात लिव्हरचं कुलूप आहे, साहेब. घाई केली की रुसून बसतं," किल्लीवाला म्हणाला. टकलावरचा घाम पुसून त्याने पिशवीतून दुसरी तार निवडली.

कागदपत्रं नसलेल्यांना उचलून देशाबाहेर धाडणाऱ्या खात्याचे ते दोन साहेब दुपारी तीनला आले होते. या तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस त्यांना हवा होता. आज शुक्रवार. सोमवारी त्याच्या अर्जाची कोर्टात सुनावणी होती. त्याआधी सापडला तर अर्ज केराच्या टोपलीत आणि माणूस विमानात. मात्र साहेबांच्या हातातल्या हुकमात दार उघडायची परवानगी होती, फोडायची नव्हती, आणि तीही संध्याकाळी सहापर्यंतच.

गल्लीचं महिन्यापूर्वीच ठरलं होतं. खोटं बोलायचं नाही, हात उगारायचा नाही, आणि मदत तिळाएवढीही करायची नाही. लिफ्टवाल्याने लिफ्ट बंद करून वर्तमानपत्र उघडलं होतं. साहेबांनी फोन केलेल्या चार कुलूपवाल्यांनी सरळ नकार दिला होता. पाचवा, कोपऱ्यावरच्या दुकानातला हा किल्लीवाला, मात्र लगेच "येतो" म्हणाला होता. दुसऱ्या मजल्यावर परवाच राहायला आलेला भाडेकरू ते पाहून "घरभेदी!" असं पुटपुटलाही.

चार वाजता शेजारच्या बाई पाण्याचे दोन पेले घेऊन आल्या. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. अख्खी गल्ली त्यांना वचकून असे.

"तहानलेल्याला पाणी द्यायचंच," त्या साहेबांना म्हणाल्या. "माहिती मात्र मागू नका. ती मी देणार नाही."

मग त्या किल्लीवाल्याकडे वळल्या. "चौघं नाही म्हणाले. तूच बरा तयार झालास!"

"मी नाही म्हटलं असतं तर सहावा आला असता, बाई," तो मान वर न करता म्हणाला.

"आता आवर तरी लवकर. घरी बायको-पोर वाट बघत असतील."

तेवढ्यात आत एक लहान मूल खोकलं आणि कुणीतरी त्याला "शूऽऽ" केलं. किल्लीवाल्याच्या हातातली तार खाली पडली. ती उचलून त्याने उलट्या टोकाने कुलपात घातली. धाकट्या साहेबाने ते पाहिलं. हळवा दिसतोय बिचारा, असं त्याला वाटलं.

"बघा, आत माणसं आहेत!" मोठा साहेब दारावर थापा मारू लागला. आतून एक स्त्री शांतपणे म्हणाली, "हुकमात मी दार उघडलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? तेवढी ओळ वाचून दाखवा."

तशी ओळ नव्हती. साहेबाने दोनदा शोधली.

पाच वाजता त्याने कंटाळून फाइलमधला फोटो काढला. अकरा वर्षांपूर्वीचा, सीमेवरच्या छावणीत काढलेला. काडीसारखा पोरगा, छातीपर्यंत दाढी, डोक्यावर केसांचं जंगल.

"याला कधी पाहिलंस?"

किल्लीवाल्याने चष्मा पुसून फोटो बराच वेळ न्याहाळला. "असा पोरगा या गल्लीत बरीच वर्षं दिसला नाही, साहेब."

"इथल्या लोकांना ओळखतोस ना तू?"

"कुलपं ओळखतो. या इमारतीतली सगळी मीच बसवली आहेत. हे तर मुद्दाम जास्त पक्कं बसवलं होतं."

"मग भोग आता आपल्याच कर्माची फळं!" म्हणत साहेब पायरीवर टेकला.

पुढचा तास कानस चालली, तेल पडलं, तारा बदलल्या. जिन्यात माणसं जमत गेली, प्रत्येक पायरीवर दोघं-तिघं. कुणी घोषणा दिल्या नाहीत. सगळे नुसते उभे होते आणि अधूनमधून घड्याळाकडे बघत होते. बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

सहा वाजले.

मोठ्या साहेबाने हुकूम घडी करून खिशात कोंबला. "अहवालात लिहितो तुझं! नाव काय तुझं?"

"सगळे किल्लीवालाच म्हणतात, साहेब."

"किल्लीवाला. कामाचा नाही," असं लिहीत तो जिना उतरू लागला. लोकांनी अंग चोरून त्याला वाट दिली. खालून लिफ्टवाल्याची हाक आली, "गेली हो गाडी!"

"सोमवारी सकाळी आठला निघायचं. आम्ही सगळे कोर्टात येणार आहोत," बाई म्हणाल्या.

किल्लीवाल्याने मान डोलावली. गुडघ्यांवरचा लोखंडाचा चुरा झटकला, तारा पिशवीत भरल्या आणि चपला दाराशी काढून ठेवल्या. मग शर्टाच्या आतल्या खिशातून एक किल्ली काढून कुलपात फिरवली. दार एका झटक्यात उघडलं आणि एक चिमुरडी धावत येऊन त्याच्या कमरेला बिलगली.

"बाबा, आपलंच दार उघडायला तुला तीन तास लागले?"