तिसरा पेला

आमच्या वाळवंटातल्या अतार गावात पाहुण्याला चहाचे एकामागून एक तीन पेले देतात, आणि बिनफेसाचा चहा पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे त्याचा अपमान. चहा बाबाच करायचे; फेस जरा कमी पडला तरी आई बाबांना चारचौघांत झापायची, पण तशी वेळ क्वचितच यायची. म्हणून लघवीला फेस यायला लागला तेव्हा बाबा मित्रांत मिरवत सुटले, "या इसलमूच्या हातचा चहा आहे, बाहेर पडतानाही फेस सोडत नाही!" रक्तदाब मोजायला आलेल्या नर्सबाईंनाही त्यांनी तेच ऐकवलं आणि उंचावरून धार सोडत पहिला पेला फेसानं भरला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाटलीत लघवी मागितली, तीत तपासणीची पट्टी बुडवली आणि बाटली खिडकीत ठेवली. "सकाळी यांचे डोळे सुजतात का हो?" "सुजतात कसले? जरा अंग धरलंय आता," आई कौतुकानं म्हणाली. "आणि बीपीच्या गोळ्या?" "डोकं दुखलं की घेतो ना," बाबा दुसरा पेला भरत म्हणाले. तोवर पिवळी पट्टी हिरवी झाली होती. बाईंच्या पेल्यावरचा फेस कधीच बसला होता. बाटलीतला तसाच होता. बाई म्हणाल्या, "काका, हा चहाचा फेस नाही. बीपीनं किडनीची चाळणी फाटायला लागलीय, त्यातून प्रोटीन गळतंय. तुम्ही डोकं दुखायची वाट बघताय, पण किडनी दुखत नाही हो." आईनं बाबांच्या सुजलेल्या पापण्यांकडे पाहिलं आणि नजर फिरवली. बाबांनी तिसरा पेला भरला, किटलीची तोटी पेल्याला टेकवून. त्यावर एकही बुडबुडा नव्हता. आईनं तो तसाच उचलून बाईंपुढे ठेवला.